१६०च्या वरची ओळ : एका ट्यूनरला खुले पत्र

रा. रा. ट्यूनर महाशय यांस,



तुमचं नाव या पत्रात घालत नाही. ज्यांना तुम्ही फायली विकल्यात ते तुम्हाला ओळखतील, आणि तुम्ही तर स्वतःला पहिल्या चार ओळींतच ओळखाल. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण मराठीच्याच जोरावर तुम्ही माझ्या भाच्याचा विश्वास मिळवलात. डेट्रॉइटच्या उपनगरात गणपतीच्या जेवणाच्या रांगेत तुमची-त्याची ओळख झाली. "मामा, आपला माणूस आहे, मियाटा ट्यून करतो," असं तो मला केवढ्या आनंदाने सांगत आला होता! या आपल्या माणसाने काय करून ठेवलं, ते आता चारचौघांत मांडतो.

गाडी १९९४ ची माझदा मियाटा. १.८ लिटरचं इंजिन, कारखान्यातून निघालं तेव्हा १२८ अश्वशक्तीचं, कॉम्प्रेशन ९ ला १. पोराने एमएस संपवलं, नोकरी लागली आणि साठवलेल्या पैशातून ती घेतली. आधीच्या मालकाने ईटनचा एम४५ सुपरचार्जर आणि मूळ कॉम्प्युटरच्या जागी मेगास्क्वर्ट बसवलेला होता. तो संच सौम्य होता. मॅनिफोल्डमध्ये जेमतेम दीडशे किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दीडपट दाब. भाच्याने एम४५ उतरवून एम६२ चढवला. या नावांतले आकडे घनइंचांचे आहेत : एम४५ एका फेऱ्यात पाऊण लिटरच्या आतबाहेर हवा पुढे ढकलतो, एम६२ एक लिटर. त्यावर छोटी पुली आली आणि दाब दीडशेवरून एकशेनव्वदच्या पुढे गेला. इथवरचं काम पान्यांचं होतं. ते त्याने नीट केलं, मी बोल्ट न् बोल्ट तपासला. हवा वाढली, तिच्या प्रमाणात इंधन वाढवायचं आणि ठिणगी मागे घ्यायची, हे पुढचं काम तुमचं होतं. माझा व्यवसाय हाच असला तरी बाहेरच्या गाड्यांचं कॅलिब्रेशन करायला माझ्या नोकरीच्या करारात मनाई आहे. म्हणून त्याने तुम्हाला चारशे डॉलर मोजले. तुम्ही गाडी पाहिली नाहीत, तिचा आवाज ऐकला नाहीत, बॉनेटखालचा एक फोटोही मागितला नाहीत. ईमेलने फाईल धाडलीत.

दुरून ट्यून करणं हा गुन्हा नाही, हे आधीच सांगून टाकतो. उत्तम काम करणारे लोक आहेत. ते लॉग मागवतात, टेबल बदलतात, पुन्हा लॉग मागवतात, शंका आली तर "आता थांब, आधी प्लग काढून फोटो पाठव" असं दरडावतात. तुम्ही निव्वळ उंटावरून शेळ्या हाकल्यात.

तुमच्या फाईलमधली एक गोष्ट बरोबर होती, तीही नोंदवतो. ५५० सीसीचे इंजेक्टर घ्यायला सांगितलंत. सात हजार आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्यांना १७.१ मिलिसेकंद लागतात. इंजेक्टरला उघडायला मिळतो तो एवढाच वेळ. त्यातला पंच्याऐंशी टक्के वापरावा, उरलेला राखून ठेवावा. या इंजिनाला या दाबावर ५५० सीसीचे इंजेक्टर तेरा मिलिसेकंदांच्या आसपास भागवतात. हिशेब चोख. म्हणजे तुम्हाला गणित येतं. म्हणूनच पुढचं वाचून मला जास्त संताप आला.

नवे इंजेक्टर बसल्यावर पहिल्या आठवड्यापासून गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. नेहमी नाही. उभी असताना रेडिएटरचा पंखा सुरू झाला, की आचका द्यायची आणि बंद. पोराने तुम्हाला कळवलं. "आयडल थोडं वाढव" एवढं तुमचं उत्तर. हा आजार कुठला, ते पहिल्या वर्षाचा कॅलिब्रेशन इंजिनिअर सांगेल. इंजेक्टरला वीज मिळाली की इंधन त्याच क्षणी सुटत नाही, सुई उचलायला थोडा वेळ जातो. त्याला डेड टाइम म्हणतात, आणि तो प्रत्येक फवाऱ्याच्या वेळेत मिळवावा लागतो. जुन्या इंजेक्टरचा चौदा व्होल्टला ०.७ मिलिसेकंद होता, नव्याचा उत्पादकाच्या कागदावर १.० छापलेला आहे. तुम्ही ०.७ तसाच ठेवलात. फुल थ्रॉटलला बारा मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात ०.३ ची तूट अडीच टक्क्यांची, कुणाला जाणवतही नाही. आयडलला प्रत्यक्ष इंधन सुटतं तेच एक मिलिसेकंदभर, तिथे तीच तूट तीस टक्क्यांची होते.

तुम्हाला ती दिसली असणार, कारण आयडलच्या चार रकान्यांत तुम्ही व्हीई वाढवून ठेवली होती. ज्यांना व्हीईचं टेबल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : आडवे आरपीएम, उभा दाब आणि प्रत्येक रकान्यात त्या वेगाला, त्या दाबाला सिलिंडर किती टक्के भरतो तो आकडा. म्हणजे हे इंजिनाच्या श्वासाचं मोजमाप आहे. त्याचा आलेख गुळगुळीत असायला हवा. तुमच्या आलेखात डावीकडे खाली फुगवटा आलेला. सिलिंडर तिथे अचानक जास्त श्वास घ्यायला लागला नव्हता, तुम्ही इंजेक्टरची चूक श्वासाच्या खात्यावर मांडलीत. बेरजेतली चूक गुणाकाराने सुधारत नाही, महाशय. आयडलला झाकली गेली, पण पंखा लागून व्होल्टेज साडेबारावर आलं की सुई आणखी आळसावते, डेड टाइम आणखी वाढतो, आणि व्होल्टेजचं कोष्टकही तुम्ही जुन्याच इंजेक्टरचं ठेवलं होतंत. म्हणून पंखा लागला की गाडी बंद. एका आकड्याची दुरुस्ती होती आणि तो आकडा खोक्यासोबत आलेल्या कागदावर होता.

यात गाडी बंद पडते, इंजिन जात नाही. इंजिन कशाने गेलं ते आता सांगतो.

मेगास्क्वर्टमध्ये सगळ्या इंधनाचा पाया एका आकड्यावर असतो. एक सिलिंडर शंभर किलोपास्कलच्या हवेने काठोकाठ भरला तर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा, तो हा आकडा. तो काढायला इंजिनाचं आकारमान लागतं आणि इंजेक्टरचा प्रवाह लागतो. तुमच्या फाईलमध्ये इंजेक्टरच्या जागी ५५० होतं. इंजिनाच्या जागी १,५९७ होतं.

या गाडीचं इंजिन १,८३९ सीसीचं आहे. १,५९७ हे १९९० ते ९३ च्या मियाटाचं. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी १.६ लिटरच्या गाडीची फाईल उचललीत, इंजेक्टरचा आकडा बदललात, आणि पोराच्या गाडीची म्हणून चारशे डॉलरला विकलीत. पाया तेरा टक्क्यांनी लहान. नुसता पाया लहान असता तरी चालवून घेता आलं असतं, व्हीईचं सगळं टेबल पंधरा टक्क्यांनी फुगवलं की इंधन बरोबर येतं. खालच्या ओळींत तसं झालंही. पोराने आय-९६ वरून ऑफिसला जाता-येता लॅपटॉप जोडून ठेवला होता, सॉफ्टवेअरने एक्झॉस्टमधला, हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर पाहून ज्या रकान्यांतून गाडी रोज जायची ते पंधरा-सोळा टक्क्यांनी वर नेले. पण ऑफिसला जाणारा माणूस सहा हजार आरपीएमला पूर्ण बूस्टवर किती वेळ असतो? दोन सेकंदसुद्धा नाही, आणि तेवढ्यात पोलिसांची भीती. म्हणून १४० आणि १६० च्या ओळींना कुणाचा हात लागला नाही. तिथे त्या परक्या १.६ चे आकडे जसेच्या तसे. ९८ च्या ओळीवर एकशेचार, एकशेसहा टक्के, आणि त्याच आरपीएमला १६० च्या ओळीवर एकदम नव्वद. एकाच इंजिनाचा श्वास दाब वाढला म्हणून असा कोसळत नाही. पान उघडून नुसती नजर टाकली असतीत तरी ही खाच डोळ्यांत भरली असती.

बूस्टवर हवा-इंधनाचं १४.७ हे नेहमीचं प्रमाण चालत नाही. तिथे हवेचे साडेअकरा-पावणेबारा भाग आणि इंधनाचा एक, असं जाड मिश्रण द्यायचं. जास्तीचं इंधन बाष्प होताना सिलिंडर गार करतं आणि उरलेल्या मिश्रणाला स्वतःहून पेटण्यापासून थोपवून धरतं. तुमच्या लक्ष्याच्या टेबलात ११.५ लिहिलेलं आहे. आता १,८३९ ला १,५९७ ने भागा. १.१५. साडेअकराला १.१५ ने गुणा. १३.२.

जुलैत पोरगा साउथ हेवनजवळच्या जिंजरमॅन ट्रॅकवर गेला. दुपारी अंगाची लाही होत होती. लॉगमधली शेवटची चांगली ओळ माझ्यासमोर आहे : ६,१८० आरपीएम, १९४ किलोपास्कल, एअर-फ्युएल १३.२, टायमिंग २१ अंश. तुमची चूक दशांशापर्यंत त्या ओळीत उतरली आहे.

त्यातला शेवटचा आकडा पुन्हा वाचा. २१ अंश. तुमचं टायमिंगचं टेबलही १६० लाच संपतं. कॉम्प्युटरला १९४ ची ओळ सापडत नाही, तेव्हा तो शेवटच्या ओळीवरच थांबतो आणि १६० ला जेवढी ठिणगी पुढे दिली असेल तेवढीच १९४ ला देतो. इंधनाच्या हिशेबात निदान खऱ्या दाबाने गुणाकार होतो, टायमिंगला तोही आधार नाही. इंटरकूलर नसलेल्या या इंजिनावर त्या दाबाला मी चौदाच्या पुढून सुरुवातही केली नसती. सुपरचार्जर मोठा केला की टेबलाची उंची वाढवायची, वर नव्या ओळी घालायच्या, हे इतकं प्राथमिक आहे की ते विसरलं जात नाही, त्याची पर्वा नसते. तुम्ही पैसे घेतलेत ते १६० च्या वरच्या ओळींचे. खालच्या तर आधीच्या संचालाही लागत होत्या. आणि वरच्या ओळी फाईलमध्ये नव्हत्याच.

हवेच्या तापमानाचा सेन्सर सुपरचार्जरच्या आधीच्या नळीत होता, तेही तुम्ही विचारलं नाहीत. रूट्स जातीचा ब्लोअर हवा दाबताना तिला भरपूर तापवतो, एवढ्या बूस्टवर ती शंभर अंशांच्याही बरीच वर जाते. कॉम्प्युटरला मात्र बाहेरची बत्तीस अंशांची हवा दिसत राहिली, आणि हवा तापली की टायमिंग मागे घ्यायची तजवीज एकदाही जागी झाली नाही.

पातळ मिश्रण, पुढे गेलेली ठिणगी, तापलेली हवा. ठिणगीची ज्योत सिलिंडरच्या टोकाला पोचायच्या आत तिथलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटतं, पिस्टनवर हातोडा बसतो. नॉकिंग. हॅरी रिकार्डोसारख्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी यावर आयुष्य घातलं. ते कशाने होतं आणि कशाने टळतं, हे तेव्हापासून छापील आहे. हेल्मेट घातलेल्या पोराला ट्रॅकवर ते ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याला पहिल्यांदा कळलं ते आरशात निळा धूर दिसला तेव्हा. तो ताशी नव्वद मैलांना होता आणि मागून दोन गाड्या येत होत्या. तेल ट्रॅकवर सांडलं नाही, ब्रीदरच्या बाटलीत साठलं, म्हणून हे पत्र एका इंजिनाबद्दल आहे.

गाडी ट्रेलरवरून घरी आली. तीन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन १६५ पीएसआयच्या जवळपास, तिसऱ्याचं ७०. तिसऱ्यात हवा भरली तर तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस ऐकू येत होती. प्लग काढला. पांढऱ्या पोर्सेलीनवर मिऱ्याच्या पुडीएवढे बारीक करडे ठिपके, भिंगातून पाहिले तर चमकणारे. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचं. हेड उतरवून पिस्टन बाहेर घेतला, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड नखभर लांबीची तुटून गेलेली आणि त्या तुकड्याने बोअरवर उभा ओरखडा काढलेला. मी तो ओरखडा नखाने तपासला. नख अडकलं. म्हणजे होनिंगवर भागणार नाही, ब्लॉक बोअर करावा लागेल.

हे फोटो पोराने तुम्हाला पाठवले. तुमचं उत्तर माझ्याकडे आहे : "इंजिन जुनं होतं." चार शब्दही नाहीत, आणि एकही खरा नाही. एम६२ बसवण्याआधी मी स्वतः गेज लावलं होतं, चारही सिलिंडर १७० ते १७५. जुन्या इंजिनाचा तिसराच पिस्टन लॉगच्या नेमक्या त्याच ओळीवर कसा काय म्हातारा झाला? आणि इंजिन जुनं आहे हे चारशे डॉलर घेताना दिसलं नव्हतं? १९९४ हे साल तुमच्या ऑर्डरच्या अर्जात पहिल्याच रकान्यात आहे. त्याच अर्जात १.८ सुद्धा आहे.

त्याहून जास्त मला टोचतो तो त्याआधीचा निरोप. पोराने ट्रॅकवर जायच्या आठवड्यात तुम्हाला विचारलं होतं, "वरचा भाग तपासायला डायनो बुक करू का?" डायनो, म्हणजे गाडी जागच्या जागी पूर्ण भारावर चालवून मोजणारं यंत्र. शहाणा प्रश्न होता. ज्याला टेबल वाचता येत नाही अशा माणसाला याहून शहाणा प्रश्न विचारता येत नाही. तुम्ही लिहिलंत, "गरज नाही, बिनधास्त चालव." ते चार शब्द त्याने खरे मानले, कारण ते त्याच्या भाषेत आणि त्याच्या माणसाकडून आले होते.

मी या धंद्यात पुण्याहून आलो. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या टेकडीवर इंजिन डायनोला बांधून एकेक बिंदू मोजायला शिकलो. तिथे आमचे वरिष्ठ न मोजलेल्या रकान्यात आकडा दिसला की लाल पेन्सिलीने गोल करून विचारायचे, "हा कुणी मोजला?" उत्तर नसेल तर पान परत. इथे आल्यावर पाहिलं, गाडी विकायला काढण्याआधी कंपन्या ती उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत नेतात, हिवाळ्यात मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातल्या बर्फात नेतात, डोंगरावरच्या विरळ हवेत नेतात. एवढा खर्च हौसेखातर कुणी करत नाही. ज्या बिंदूवर कुणी पोचलं नाही, तिथे ग्राहक कधीतरी पोचतोच, हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्याकडे डेथ व्हॅली नको होती. एक भाड्याचा डायनो, पूर्ण थ्रॉटलच्या तीन धावा, प्रत्येक धावेनंतर टेबलाकडे एक नजर, आणि टायमिंग आधी मागे ठेवून हळूहळू पुढे. एका दुपारचं काम. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ब्लॉकचं बोअरिंग, गॅस्केटं यांचा खर्च पोराने माझ्या जेवणाच्या टेबलावर कागदावर मांडला तेव्हा त्याने डायनोचं भाडं बाजूला लिहिलं आणि काही न बोलता कागद माझ्याकडे सरकवला.

मेगास्क्वर्ट ही वस्तू ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी सामान्य माणसाला स्वतःच्या इंजिनाचं आतलं गणित उघडं करून द्यावं म्हणून रचली. एकेक आकडा दिसतो, बदलता येतो, तपासता येतो. इतक्या उघड्या वहीत तुम्ही परक्याचे आकडे ठेवून दिलेत, कारण ग्राहक ती उघडणार नाही याची तुम्हाला खात्री होती. या धंद्यातल्या प्रामाणिक माणसांचं तुम्ही किती नुकसान करता, याचा हिशेब करा. तुमच्यामुळे उद्या कुठल्याही पोराला कुठलाही बाप सांगेल, "या भानगडीत पडू नको." आणि यातच तर मुलांना थर्मोडायनॅमिक्स पुस्तकाबाहेर भेटतं.

आता काय करायचं ते सांगतो.

भाच्याचे चारशे डॉलर परत करा. इंजिनाचा खर्च मागत नाही. तो तुमच्याकडून कोर्टात वसूल करायचा की नाही, हे तो ठरवेल. त्याच्याकडे लॉग आहे, फाईल आहे आणि तुमचे निरोप आहेत.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. १,५९७ ची ही मूळ फाईल तुम्ही आणखी कुणाकुणाला दिली आहे, ती यादी तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. माझ्यापर्यंत दोन नावं पोचली, त्यांना मी फोन केला. दोघांच्याही टेबलाची शेवटची ओळ १६० ची आहे आणि दोघांच्याही लॉगमध्ये दाब १८० च्या पुढे गेलेला आहे. त्यातल्या एकाने तर तुमच्याच सांगण्यावरून याहून छोटी पुली मागवली आहे. बाकीच्यांना तुम्ही कळवायचं आहे. प्रत्येकाला तीन गोष्टी उघडून पाहायला सांगा : इंजिनाचं आकारमान खरं लिहिलंय का, इंधन आणि टायमिंगच्या टेबलाची शेवटची ओळ गाडीच्या सर्वांत मोठ्या दाबाच्या वर आहे का, डेड टाइम त्यांच्याच इंजेक्टरच्या कागदावरचा आहे का. ज्याला यातलं एकही उत्तर देता येत नाही, त्याने पूर्ण थ्रॉटल द्यायची नाही, एवढं स्पष्ट लिहा. "बिनधास्त" हा शब्द त्या निरोपात नको.

येत्या शनिवारी जिंजरमॅनला पुन्हा ट्रॅक-डे आहे. ज्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांच्यातलं कुणी तिथे जाणार असेल तर तुमचा निरोप शुक्रवारी रात्रीच्या आत त्याच्या फोनवर पोचला पाहिजे. मी स्वतः शनिवारी सकाळी सात वाजता पॅडॉकमध्ये लॅपटॉप घेऊन उभा असेन, आणि प्रत्येक सुपरचार्ज्ड मियाटावाल्याला फाईल उघडायला सांगेन.

कळावे.

आपला,
तिसऱ्या सिलिंडरवाल्या पोराचा मामा